शनिवारचा शिक्का

हरणाबाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा साडेबारा वाजत आले होते, आणि तिच्या मुलाची तार नाथाजीच्या टेबलावर दौतीखाली उघडी पडली होती. तिला वाचता येत नव्हतं. तरीही नाथाजीने पहिली गोष्ट केली ती ही, की हातातलं रजिस्टर सरकवून त्या कागदावर ठेवलं. ठरवून केलं नाही; हात आपोआप गेला. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, हात आपोआप गेला. आणि दर वेळी आतलं दुसरं कुणीतरी शांतपणे विचारायचं, हात गेला हे कबूल, पण मग जीभ?

“आवं राव,” ती म्हणाली, “माज्या गुंडाचं काय आलंय का?”

“नाही,” नाथाजी म्हणाला. “काही नाही.”

साताऱ्यातल्या त्या लहानशा कचेरीत लढाईवर गेलेल्या शिपायांच्या घरच्यांची कामं चालत. ज्या गावांना तारघर नव्हतं त्यांच्या तारा इथे येत आणि इथून पुढे जात. माणसं तीनच. सुभेदार लालासाहेब, पेन्शनीत निघालेले, पहिल्या लढाईत एका कानाने बहिरे झालेले, कारकून नाथाजी, आणि एक शिपाई, जो त्या वेळी जेवायला गेला होता. कुणी गेल्याची तार आली की सांगण्याचं काम सुभेदारांचं. त्यांची एक रीत होती. ते आधी समोरच्या माणसाला बसवायचे, स्वतः उभे राहायचे, डोक्याचा फेटा उतरवून टेबलावर ठेवायचे आणि एका वाक्यात सांगून टाकायचे. मग तो माणूस रडो, किंचाळो, नाहीतर दगडासारखा बसून राहो, सुभेदार जागचे हलत नसत. शेवटी त्याला हाताला धरून मोटारस्टँडवर नेत आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर त्याच्या गावापर्यंत जात. नाथाजीने हे तीनदा पाहिलं होतं. तिन्ही वेळा पुरता दिवस गेला होता, आणि पुरता दिवस हीच एक गोष्ट त्या शनिवारी नाथाजीजवळ नव्हती. सुभेदार सकाळीच कोरेगावला गेले होते ते सोमवारी यायचे होते. सातारा रोड स्टेशनाकडे जाणारी मोटार सव्वा वाजता सुटत होती. आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, मित्र दादासोच्या पत्राच्या घडीत, सांगलीच्या नाटकाचं तिकीट होतं.

हरणाबाई आणखी काहीतरी बोलत होती. ती म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतली धनगराची बाई. घोंगड्या विकायला साताऱ्याला आली की कचेरीत डोकावून जायची. गुंडाचं पत्र बंद झाल्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत ती याआधी चार वेळा आली होती. येताना प्रत्येक वेळी तिच्या अंगाला लोकरीचा आणि उन्हाचा वास असे. ती सांगत होती, हाताने काही मोजून दाखवत होती, एकदा हसलीसुद्धा. नाथाजी मान हलवत होता. तिच्या खांद्यावरून त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. तिच्या बोलण्यातला ‘सोमवार’ तेवढा त्याच्या कानावर पडला, आणि तोही यासाठी की सोमवारी आपण परत येणार, सोमवारी सुभेदार येणार, सोमवारी सगळं रीतसर होईल असा हिशेब त्याच्या मनात त्याच वेळी चालला होता. दोन दिवसांनी काय बिघडतं? मेलेला माणूस दोन दिवस उशिरा मेला एवढंच. इटली नावाच्या कुठल्याशा मुलखात तो पंधरवड्यापूर्वीच गेला होता. मग शनिवार काय आणि सोमवार काय. हा विचार त्याला इतका बरोबर वाटला की त्याला बरं वाटलं. “बरं, या मग,” तो म्हणाला. ती म्हणाली, “येते, राव. काय न्हाई म्हंजी चांगलंच की.” आणि गेली.

मोटार कोळशावर चालणारी होती. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, आणि मागच्या बाजूला लावलेल्या भट्टीतला धूर चढावावर आत येत होता. नाथाजी खिडकीशी बसला होता. गाडी गावाबाहेर पडली तसं त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि जे सुरू व्हायला हवं होतं ते सुरू झालं. महिनाभर तो या तासाची वाट बघत होता. रोज कचेरीतून घरी जाताना तो मनातल्या मनात हा प्रवास करून बघायचा, ही मोटार, मग पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी, मग सांगली, मग पडदा. दत्तोबा नेर्लेकर पुन्हा दमयंती करणार होते. गेली दहा वर्षं ते पुरुषांच्याच भूमिका करत होते, आता तर कंपन्याही मोडल्या होत्या, बायकांची कामं बायका करू लागल्या होत्या. पण जुन्या मंडळींच्या आग्रहाखातर एकदाच, फक्त सांगलीत, रविवारी दुपारी चार वाजता. पुन्हा कधी नाही, असं दादासोने पत्रात खाली रेघ मारून लिहिलं होतं.

तो अकरा वर्षांचा असताना वडलांबरोबर कडेगावहून विट्याच्या बाजाराला बैल घेऊन गेला होता. बैल विकला गेला नाही म्हणून मुक्काम पडला. माळावर नाटक कंपनीची कनात लागली होती. वडील गाडीखाली झोपले, आणि तो आवाजाच्या मागे मागे गेला. आत जायची सोय नव्हती. कनातीच्या कापडाला कान लावून तो उभा राहिला. आत एक बाई गात होती. अशी बाई त्याने पाहिली नव्हती, पण ती कशी असेल हे त्याला लगेच कळलं. कापडातून झिरपणाऱ्या उजेडात त्याला तिचं कपाळ, तिची मान, तिचे ओले डोळे सगळं दिसलं. ती कुणाला तरी शोधत होती. सकाळी त्याने वडलांना विचारलं, ती बाई कोण. वडील बैलाला पाणी दाखवत होते. ते म्हणाले, “बाई कुठली? गडी हाय त्यो, नेर्लेकर.” मुलाला धक्का बसायला हवा होता. उलट त्याला वाटलं की आपल्याला एक गुपित सापडलं आहे. गड्याच्या आत एवढं सगळं असू शकतं, हे इतर कुणाला ठाऊक नसणार.

पुढे चार वर्षांनी, एका दुपारी घरातले सगळे उसाच्या तोडणीला गेलेले असताना, त्याने माळ्यावर बहिणीचं लुगडं नेसलं. कुणाला दाखवायला नव्हे. गाणं तसं गाऊन बघायचं होतं, एवढंच. डोळे मिटून तो गात होता, त्यामुळे शिडी वाजलेली त्याला ऐकू आली नाही. डोळे उघडले तेव्हा वडील अर्धे वर आले होते. छातीपर्यंतच दिसत होते. कोपऱ्यातलं दावं न्यायला ते आले होते. त्यांनी हात लांब करून दावं घेतलं आणि ते खाली उतरले. बस्स. ते ओरडले असते, त्यांनी दाव्यानेच मारलं असतं, तर गोष्ट तिथे संपली असती. पण ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त काही दिवस त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि जूनमध्ये त्याला शिकायला साताऱ्याला पाठवलं. लोक म्हणायचे, पोराला शिकवतोय, मोठ्या काळजाचा माणूस. आपल्याला शिकायला पाठवलं की नजरेआड केलं, हे नाथाजीला कधीच कळलं नाही. वडील वारले तेव्हाही त्याच्या मनात पहिल्यांदा तीच शिडी आली होती.

तेव्हापासून नाटक ही त्याच्यापुरती झाकून ठेवायची गोष्ट झाली. साताऱ्यात एका हॉटेलात नेर्लेकरांची तबकडी लागायची, तेव्हा तो आत न जाता पलीकडच्या फुटक्या कट्ट्यावर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा बसायचा. बायको अंजना हिच्याजवळ तो अंधारात कधीमधी दोन ओळी गुणगुणायचा, तिला ते आवडायचं. पण तिलाही त्याने हे गाणं बाईच्या वेषातल्या गड्याचं आहे असं सांगितलं नव्हतं. या वेळी सुभेदारांना त्याने सांगितलं होतं की सांगलीची मावशी आजारी आहे. सुभेदार म्हणाले होते, “जा, जा. मावशी म्हंजी आईच.” म्हणजे खोटं बोलायला शनिवारी दुपारी सुरुवात झाली नव्हती. एक खोटं तयार होतं, दुसरं त्याच्या पाठोपाठ सहज निघालं.

सांगलीत दादासोच्या खोलीत त्याने मुक्काम केला. दादासो त्याच्या शाळेतला सोबती, हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कारकून. त्याच्या नखांतसुद्धा हळद होती. नाटकाचं वेड त्याला उघड होतं, त्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती, आणि म्हणूनच नाथाजी त्याच्याजवळ मोकळा व्हायचा. रविवारी सकाळी दोघे कृष्णेवर जाऊन आले. नाथाजी पाण्यात डुंबला, मोठ्याने गायला. घाटावर एक म्हातारी धुणं धूत होती, तिने वर पाहिलं, तरी तो थांबला नाही. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पुढे जेव्हा जेव्हा त्याने तो रविवार आठवला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त हीच सकाळ खुपायची. शनिवारी संध्याकाळी गाडीत एक-दोनदा हरणाबाई त्याच्या मनात डोकावली होती, आणि त्याने तिला बाजूला केलं होतं. पण रविवारी सकाळी तिला बाजूला करावं लागलंच नाही. ती आलीच नाही.

थिएटर तुडुंब भरलं होतं. दोघे तिसऱ्या रांगेत बसले. धुपाचा वास आला, ऑर्गनचे सूर भरले, पडदा वर गेला, नांदी झाली, आणि काही वेळाने दमयंती आली. पिटातून कुणीतरी फिसकन हसलं. पन्नाशी ओलांडलेला जाड माणूस. हनुवटीखालचं लोंबतं मांस पावडरीने झाकलेलं नव्हतं, नऊवारी शालूच्या काठाखाली पावलं रुंद आणि थकलेली दिसत होती. नाथाजीचं तोंड तापलं. आपणच तिथे उभे आहोत, शिडीवरून कुणीतरी बघतं आहे, असं त्याला वाटलं. त्याने खाली पाहिलं. पहिला अंक त्याने बराचसा खाली बघूनच ऐकला. आवाज वरच्या सुरांना चिरकत होता. दत्तोबा ते ओळखून तिथे हळूच बाजूने जात होते, पायवाटेवरचा दगड चुकवावा तसे.

मग तो प्रवेश आला. नळ तिला रानात झोपलेली सोडून गेला आहे. ती उठते, त्याला हाका मारते, आणि मग एकेका झाडाला विचारत फिरते, माझा नळ पाहिलात का. रंगमंचावर झाडं म्हणजे तीन रंगवलेल्या फळ्या होत्या. दत्तोबांनी पहिल्या झाडाला विचारलं. विचारून ते थांबले. ऑर्गन थांबला, तबला थांबला. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते. झाड काही बोलत नाही असं कळल्यावर त्यांनी मान किंचित लवून त्या झाडाचा निरोप घेतला, त्याला दोष न देता, आणि दुसऱ्या झाडाकडे वळले. आता तो जाड माणूस राहिला नव्हता. नाथाजी अकरा वर्षांचा झाला, मधली कनात नव्हती, आणि त्या बाईचं कपाळ, मान, डोळे हुबेहूब त्याला त्या वेळी दिसले होते तसेच होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसावं असंही त्याला वाटलं नाही. त्या झाडांचा त्याला राग आला. एवढी विचारते आहे, कुणीतरी तिला काहीतरी सांगावं, असं तो मनापासून म्हणत होता.

गाणं संपलं आणि थिएटर कडाडलं. वन्समोअर, वन्समोअर. नाथाजी जागेवरून उठला होता. जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेला तो माणूस दोन्ही हात वर करून ओरडत होता, वन्समोअर. दत्तोबांनी हात जोडले. घाम पुसला. मग ते पुन्हा चालत पहिल्या झाडापाशी गेले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तसंच, तितक्याच आशेने. लोकांना विचारणं आवडलं होतं म्हणून.

तेव्हा त्याला हरणाबाई आठवली. रांगेतले सगळे बसले होते, तो उभाच होता. मागून कुणीतरी म्हणालं, “बसा की राव.” त्या ‘राव’ने तो खाली बसला. पाच महिन्यांत पाचदा ती दारात येऊन उभी राहिली होती आणि तिने तेच विचारलं होतं. चार वेळा उत्तर नव्हतंच. पाचव्या वेळी ते रजिस्टराखाली होतं. आणि इथे, रंगवलेल्या फळ्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून तो रडला होता. ते रडणं खोटं असतं तरी चाललं असतं. ते खरं होतं. अजूनही डोळे ओले होते, आणि पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा त्याचे कान आपोआप तिकडे गेले, हेही त्याने पाहिलं.

नाटक संपल्यावर दादासो त्याला ओढू लागला. आत ओळख काढली होती, दत्तोबांना भेटता येणार होतं. “पाया पड गड्या एकदा,” तो म्हणाला, “तेवीस वर्षं जीव टाकलायस त्या मानसावर.” नाथाजी नको म्हणाला. दादासोला वाटलं लाजतो आहे. त्याने दंडाला धरलं. नाथाजीने हात झिडकारला तेव्हा मात्र दादासो बघतच राहिला. त्याला सांगावं असं नाथाजीच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर दादासोने समजूत घातली असती, म्हणाला असता, दोन दिवसांनी काय बिघडतं. आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती.

सोमवारी दुपारी बारा वाजता तो कचेरीत आला. सुभेदार आधीच आले होते. त्याने रजिस्टर उचलून तार त्यांच्यापुढे ठेवली. ते डोळ्यांशी नेऊन बराच वेळ वाचत राहिले. मग विचारलं, “कवा आली?” नाथाजी म्हणाला, “शनिवारी. आपण गेल्यावर.” हे खरंच होतं. सुभेदारांनी पुढे विचारलं नाही, आणि ती त्या दिवशी येऊन गेली हे त्याने सांगितलं नाही. वाटलं, आता सांगू, सुभेदार फेटा नीट करत होते, आता सांगू, ते दाराशी गेले, आणि मग ते गेलेच होते. जाताना फक्त मावशी कशी आहे एवढं त्यांनी विचारलं. नाथाजी म्हणाला, बरी आहे. गुरुवारी परत आले तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यांपर्यंत धुळीने भरले होते. खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं, पाणी पिऊन म्हणाले, “सांगितलं.” त्यापलीकडे विचारायचं धाडस नाथाजीने केलं नाही.

घरी अंजनाने मावशीची चौकशी केली. मग काही दिवसांनी, दिवा मालवल्यावर, ती म्हणाली, ते तुमचं गाणं म्हणा की, बरेच दिवसांत म्हणाला नाहीत. नाथाजीने सुरुवात केली. पहिली ओळ म्हणजे प्रश्नच होता. तो पुरा करता आला नाही. घसा बसलाय, तो म्हणाला. तिने अंधारात त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून, आणि तो हात तिथेच राहिला असता तर बरं, असं त्याला वाटलं. आणि लगेच असंही, की हा हात आपण फसवून मिळवला आहे. कचेरीत आता दारात सावली पडली की तो वर बघायच्या आधी टेबलावरचे कागद बघायचा. अशा आणखी दोन तारा आल्या. त्या त्याने आल्या आल्या धावत जाऊन सुभेदारांच्या हातात दिल्या, एकदा तर ते जेवत असताना. सुभेदार म्हणाले, “घास तरी गिळू द्या, नाथाजीराव.” त्याला त्या धावण्याचीही लाज वाटली.

चैत्र संपता संपता हरणाबाई आली. पेन्शनच्या अर्जावर तिचा अंगठा हवा होता म्हणून कचेरीनेच बोलावलं होतं. त्या दिवशी सुभेदार मामलेदाराकडे गेले होते. ती वाळली होती, पण ताठ होती. तिच्या काखेत घडी केलेली एक काळी घोंगडी होती. नाथाजी खुर्चीतून उठला आणि त्याने तिला बसायला सांगितलं. ती जमिनीवरच बसली. तो अर्ज काढू लागला तर ती म्हणाली, त्ये मागनं. आधी माजं ऐका.

तिने सावकाश सांगितलं. मंगळवारी सुभेदार आले, त्यांनी सांगितलं, ते दोन दिवस तिच्या अंगणात बसून राहिले. मग महिन्याभराने, जरा डोकं ठिकाणावर आल्यावर, तिने शाळेच्या मास्तराकडून सुभेदारांनी दिलेली तार पुन्हा वाचून घेतली. “मास्तर म्हनला, ह्येच्यावर साताऱ्याचा शनवारचा शिक्का हाय. मी म्हनलं, शनवारी तर मी थितंच हुते. रावांच्या म्होरं हुभी हुते. मास्तर म्हनला, मंग त्येंच्याजवळ ही तार असनारच. मी रातभर इचार केला, राव. मंग मला उमगलं.” तिने काखेतली घोंगडी मांडीवर घेतली. “तुमाला मी सांगितलं हुतं न्हवं, सोमवारी बनुबाईचं लगीन हाय. दोनदा मोडल्यालं जमलं हुतं. म्हनून ज्यास्तीच्या घोंगड्या घिऊन आले हुते. म्हनून इचारलं हुतं. तुमी सांगितलं असतंसा तर मांडव उतरला असता, पावनं म्हागारी फिरलं असतं, आन् पोरीला जलमभर पांढऱ्या पायाची म्हनलं असतं. तुमी त्ये गिळलंसा. माज्या लेकीच्या अंगाला हळद लागू दिलीसा.”

तिने घोंगडी टेबलावर ठेवली. ही गुंडासाठी राखून ठेवली होती, ती म्हणाली. तो आल्यावर त्याच्या खांद्यावर टाकायची होती. आता ती कुणाच्या खांद्यावर टाकायची तर तुमच्याच.

नाथाजीला ‘सोमवार’ आठवला. तिचे मोजणारे हात आठवले, तिचं हसणं आठवलं. घड्याळाचा काटा कुठे होता तेही आठवलं. गप्प राहणं किती सोपं होतं. मान खाली घालायची, घोंगडी घ्यायची. तिला बरं वाटलं असतं. पण घोंगडीची लोकर त्याच्या मनगटाला लागत होती आणि तो स्पर्श त्याला सोसवत नव्हता. आता एकदा खरं बोलून मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं. आपण स्वच्छ होऊ, असंच वाटलं.

“मी तुमचं लग्नाचं ऐकलंच नव्हतं,” तो म्हणाला. “मला सांगलीला नाटकाला जायचं होतं. सव्वा वाजता मोटार होती. तुम्हाला सांगितलं असतं तर ती चुकली असती. म्हणून मी बोललो नाही.”

हरणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला समजलं नाही असं त्याला वाटलं, आणि तो पुन्हा सांगणार होता, तेवढ्यात तिने हात वर केला.

“समजलं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “त्ये मला कशाला सांगितलंसा?”

नाथाजी अर्जाचे कागद सारखे करू लागला.

“हे दोन म्हैनं मी एकच धरून हुते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “पोरगं कुठल्या मुलखात मेलं, कुनी माती दिली, कायबी ठावं न्हाई. पर म्हनायची, त्यो गेला तवा साताऱ्यात एका मानसानं आमचा इचार केला. तेवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतं.”

मग ती उठली आणि अंगठा कुठे लावायचा ते विचारलं. नाथाजीने शाईची गादी उघडली. तिने स्वतःच अंगठा दाबला, तो दाखवेल त्या दोन्ही जागी कागदावर टेकवला, आणि पदराच्या आतल्या बाजूला पुसला. टेबलावरची घोंगडी तिने उचलली, घडी सारखी केली आणि पुन्हा काखेत मारली. हे तिने त्याला दुखवायला केलं नाही. ज्या गोष्टीसाठी ती आणली होती ती गोष्टच नव्हती, म्हणून परत घेतली. दाराशी जाऊन ती मागे वळली.

“चांगलं हुतं का त्ये?” तिने विचारलं. “नाटक.”

नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं. एवढं सगळं केल्यावर निदान ते वाईट निघालं असतं, दत्तोबांचा आवाज पुरता फाटला असता, लोक उठून गेले असते, तर तिला सांगता आलं असतं. एकोणीस वर्षं साताऱ्यात राहून कमावलेली शुद्ध भाषा त्याला त्या वेळी सापडली नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “लय चांगलं हुतं.”

तिने मान हलवली, आणि ती उन्हात उतरून मोटारस्टँडच्या दिशेने चालू लागली.